कठीण शब्द कोणाला कठीण?

दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यमात शिकलेली एखादी हुशार मुलगी अकरावीच्या विज्ञान शाखेत येते. स्पर्शिका म्हणजे काय हे तिला पक्के ठाऊक असते. वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करणारी रेषा ती सहज काढून दाखवील. पण फळ्यावर ‘टँजंट’ हा शब्द येतो आणि ती गप्प होते. मग घरी शब्दांची वही सुरू होते. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला अर्थ, रोजचे वीस. दिवाळीपर्यंत वही भरते. शब्द मात्र जितके लिहिले तितके राहत नाहीत, आणि ‘आपल्याला हे जमणार नाही’ अशी समजूत तेवढी पक्की होते.

ही अडचण इंग्रजी परकी असल्यामुळे येते, असे आपण धरून चालतो. ते अर्धेच खरे आहे. सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये ज्यांची मातृभाषाच इंग्रजी होती अशा लोकांचीही नेमकी हीच तक्रार होती. आपल्याच भाषेतले पुस्तक त्यांना कळत नव्हते. या अडचणीवर उपाय शोधणाऱ्यांत शाळामास्तरांची संख्या लक्षणीय होती. त्यांचा इतिहास आपल्या वर्गात उपयोगी पडण्याजोगा आहे.

दौतीतले शब्द

सोळाव्या शतकात इंग्लंडमधील विद्येची भाषा लॅटिन होती. ‘ग्रामर स्कूल’ म्हणजे लॅटिन व्याकरणाची शाळा, आणि तीही मुलग्यांसाठी. विद्यापीठातील व्याख्याने लॅटिनमध्ये होत. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना आणल्यावर इंग्रजी पुस्तकांना गिऱ्हाईक मिळू लागले. वैद्यक, भूमिती, धर्म, युद्धशास्त्र अशा विषयांवरील लॅटिन व ग्रीक ग्रंथ इंग्रजीत येऊ लागले. भाषांतर करणाऱ्यांना इंग्रजीत शब्द सापडेनात. त्यांनी सोपा मार्ग धरला. लॅटिन शब्दाची शेपटी थोडी कापायची आणि तो इंग्रजीत बसवायचा. अशा रीतीने काही पिढ्यांत हजारो शब्द इंग्रजीत शिरले.

लॅटिन शिकलेल्याला हे शब्द कठीण नव्हते. त्याला ते आधीच माहीत होते. सुतार, दुकानदार आणि बहुतेक स्त्रिया यांना मात्र ते अनोळखी होते. या शब्दांना त्या काळी कुत्सितपणे ‘इंकहॉर्न’ शब्द म्हणत. इंकहॉर्न म्हणजे शिंगाची दौत. हे शब्द तोंडातून आलेले नाहीत, दौतीतून आलेले आहेत, असा त्याचा भाव. टॉमस विल्सन याने १५५३ मधील आपल्या वक्तृत्वावरील ग्रंथात अशा शब्दांनी खच्चून भरलेले एक पत्र थट्टेसाठी दिले आहे. गंमत अशी, की त्यातले ‘रिव्होल्यूट’, ‘इंजंट’ यांसारखे काही शब्द मेले. पण ‘सेलिब्रेट’, ‘डेक्स्टेरिटी’, ‘मंडेन’ हे त्याच पत्रातले शब्द आज सर्रास वापरले जातात. कोणता शब्द टिकेल हे त्याच्या जन्मवेळी कोणालाच सांगता येत नाही.

काहींनी उलट दिशेने प्रयत्न केला. केंब्रिजचे ग्रीकचे प्राध्यापक सर जॉन चीक यांनी बायबलमधील मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे भाषांतर करताना देशी शब्द घडवले. शंभर सैनिकांच्या नायकाला लॅटिनवरून ‘सेंच्युरियन’ न म्हणता त्यांनी ‘हंड्रेडर’ म्हटले. ‘ल्युनाटिक’ या शब्दात लॅटिनमधला चंद्र आहे; चीक यांनी सरळ इंग्रजी चंद्र घेऊन ‘मून्ड’ असा शब्द केला. १५७३ मध्ये राल्फ लीव्हर याने तर्कशास्त्रावर पुस्तक लिहिले आणि तर्कशास्त्रालाच ‘विटक्राफ्ट’, म्हणजे बुद्धीची कारागिरी, असे नाव दिले. निष्कर्षाला त्याने ‘एंडसे’ म्हटले: शेवटी सांगायचे ते.

विज्ञानशिक्षकांना जवळचा वाटेल असा माणूस म्हणजे रॉबर्ट रेकॉर्ड. बरोबरीचे चिन्ह १५५७ मध्ये प्रथम वापरले ते यानेच. लॅटिन न येणाऱ्या कारागिरांना गणित कळावे म्हणून त्याने मुद्दाम इंग्रजीत पुस्तके लिहिली. १५५१ च्या भूमितीच्या पुस्तकात त्याने लघुकोनाला ‘शार्प कॉर्नर’, विशालकोनाला ‘ब्लंट कॉर्नर’ आणि स्पर्शिकेला ‘टच लाइन’ म्हटले. शब्द ऐकताच आकृती डोळ्यांसमोर यावी, अशी ही नावे आहेत. ती टिकली नाहीत. त्यांच्या जागी ‘ॲक्यूट’, ‘ऑब्ट्यूस’ आणि ‘टँजंट’ हे लॅटिन शब्द रुजले. पण या लॅटिन शब्दांचे मूळ अर्थ काय आहेत? ‘ॲक्यूट’ म्हणजे धारदार, ‘ऑब्ट्यूस’ म्हणजे बोथट आणि ‘टँजंट’ म्हणजे स्पर्श करणारी! म्हणजे रेकॉर्डने जे साध्या इंग्रजीत सांगितले तेच लॅटिन शब्दही सांगत होते. फरक एवढाच, की ते ऐकू येण्यासाठी लॅटिन शाळेत गेलेले असावे लागे.

इथे या साऱ्या इतिहासाचे सार हाती लागते. शब्द कठीण असतो तो पुष्कळदा त्याचा अर्थ गहन असतो म्हणून नव्हे. त्याचा अर्थ आपल्यापासून झाकलेला असतो म्हणून.

मास्तरांचा कोश

हा झाकलेला अर्थ उघडण्याचे काम शाळेतून सुरू झाले. लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेचे पहिले मुख्याध्यापक रिचर्ड मल्कास्टर यांनी १५८२ मध्ये प्राथमिक शिक्षणावर ग्रंथ लिहिला. त्यात सुमारे ८,००० इंग्रजी शब्दांची यादी होती. यादीत अर्थ नव्हते, स्पेलिंग निश्चित करणे एवढाच हेतू होता. पण सर्व इंग्रजी शब्द अर्थासह कोणीतरी एकत्र करावेत, अशी अपेक्षा मल्कास्टर यांनी बोलून दाखवली. १५९६ मध्ये एडमंड कूट या दुसऱ्या मुख्याध्यापकाने शालेय पुस्तकाच्या शेवटी कठीण शब्दांची छोटी अर्थासहित यादी जोडली.

१६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्री याचे पुस्तक निघाले. इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच देणारा हा पहिला स्वतंत्र कोश मानला जातो. कॉड्री आधी रटलंड परगण्यात ओकम येथे शाळामास्तर होता, नंतर खेड्यात धर्मोपदेशक झाला आणि धर्मपीठाशी मतभेद झाल्याने त्याला ती जागा गमवावी लागली. त्याच्या कोशात सुमारे २,५०० शब्द आहेत. त्यांतले बरेचसे त्याने कूटच्या यादीतून उचललेले आहेत. मुलगा टॉमस हाही शिक्षकच. त्याची या कामात मदत होती.

या छोट्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच ते कोणासाठी आहे ते सांगितले आहे. हिब्रू, ग्रीक, लॅटिन व फ्रेंच भाषांतून आलेले कठीण शब्द स्त्रियांना आणि इतर अशिक्षितांना कळावेत, म्हणजे ग्रंथ वाचताना किंवा प्रवचन ऐकताना त्यांचे अडणार नाही, हा त्याचा उद्देश. ज्यांना शाळेचे दार बंद होते त्यांच्यासाठी केलेली ही किल्ली होती. वर्णानुक्रमाने शब्द कसा शोधायचा हेही कॉड्रीला वाचकांना समजावून सांगावे लागले; आद्याक्षर आरंभीचे असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला पाहा, शेवटचे असेल तर शेवटाकडे पाहा, इथपासून. फ्रेंच व ग्रीक शब्दांना त्याने वेगळ्या खुणा केल्या. अर्थ एकदोन शब्दांचेच आहेत. प्राणी व वनस्पती यांच्यापुढे तर ‘एक प्रकारचा’ अशा अर्थाची खूण करून तो मोकळा झाला आहे. या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज शिल्लक असून ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

कॉड्रीनंतर वीस वर्षांच्या आत वाऱ्याची दिशा बदलली. १६२३ मध्ये हेन्री कॉकरम याचा कोश निघाला. त्याच्या एका भागात कठीण शब्दांचे सोपे अर्थ होते. पण दुसऱ्या भागात नेमके उलट होते. साधा शब्द शोधा, त्याच्याऐवजी वापरायचा भारदस्त शब्द घ्या! कॉकरमच्या कोशात ‘ॲबेक्विटेट’ असा एक शब्द आहे. अर्थ काय, तर घोड्यावर बसून निघून जाणे. असे शब्द लोकांच्या बोलण्यात कधीच रुजले नाहीत. कठीण शब्द समजून घेणे आणि कठीण शब्द मिरवणे या दोन वाटा येथे वेगळ्या झाल्या. त्या आजही वेगळ्याच आहेत.

साध्या शब्दांनाही कोशात स्थान आहे, हे इंग्रजी कोशकारांच्या लक्षात यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. १७०२ च्या, जॉन कर्सीच्या मानल्या जाणाऱ्या कोशात सुमारे २८,००० शब्द होते आणि त्यांत रोजच्या वापरातले शब्द मोठ्या प्रमाणावर आले. १७५५ मध्ये डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी ४२,००० हून अधिक शब्दांचा कोश केला आणि एक मोलाची गोष्ट केली. शब्दाचा अर्थ सांगून ते थांबले नाहीत. चांगल्या लेखकांनी तो कसा वापरला याची उदाहरणे त्यांनी दिली, एक लाखाहून अधिक. शब्दाला अर्थ असतो तसा शेजारही असतो, आणि शेजार पाहिल्याशिवाय अर्थ पुरता कळत नाही, ही जाणीव त्यात आहे. हे जॉन्सनही तरुणपणी शिक्षक होते. लिचफील्डजवळ एडियल येथे त्यांनी शाळा काढली होती. विद्यार्थी मूठभरच मिळाले आणि शाळा बंद पडली.

पुढे ऑक्सफर्डच्या महाकोशाचे संपादकपद १८७९ मध्ये जेम्स मरे यांच्याकडे आले, तेव्हा तेही मिल हिल शाळेत शिकवत होते. स्वतः मरे यांचे शालेय शिक्षण चौदाव्या वर्षी संपले होते. असंख्य हौशी वाचकांनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतारे लिहून पाठवले आणि त्यांतून शब्दांचा इतिहास उभा राहिला. मरे १९१५ मध्ये गेले. कोश १९२८ मध्ये पूर्ण झाला. त्यात चार लाखांहून अधिक शब्द होते.

फॅरडे यांचे पत्र

शास्त्रज्ञांनाही शब्द अडतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे मायकेल फॅरडे. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत शिकला. लॅटिन-ग्रीकचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. १८३४ मध्ये विद्युत-अपघटनावरील आपले प्रयोग मांडताना त्यांना नव्या शब्दांची गरज भासली. ‘ध्रुव’ हा जुना शब्द त्यांना नको होता, कारण तो वापरला की चुंबकासारखे आकर्षण तेथे आहे असे गृहीत धरल्यासारखे होई. त्यांनी केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांना पत्र लिहून सल्ला विचारला. ‘सायंटिस्ट’ हा शब्द ज्यांनी घडवला तेच हे ह्यूएल.

ह्यूएल यांनी ग्रीकमधून शब्द सुचवले. ‘होडॉस’ म्हणजे वाट. ‘ॲनोड’ म्हणजे वर जाणारी वाट आणि ‘कॅथोड’ म्हणजे खाली जाणारी वाट. वर आणि खाली कशाच्या संदर्भात? फॅरडे यांनी अशी कल्पना केली होती, की पृथ्वीच्या चुंबकत्वाला कारण होणारा विद्युतप्रवाह सूर्याप्रमाणे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. द्रावणातला प्रवाहही तसाच धरला, तर एक टोक सूर्योदयाचे आणि एक सूर्यास्ताचे. उगवतीची वाट ती ॲनोड, मावळतीची ती कॅथोड. आणि द्रावणातून या टोकांकडे जाणारे जे काही असेल ते ‘आयन’. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘जाणारे’ एवढाच.

आता आपल्या ‘उत्तरायण’ आणि ‘दक्षिणायन’ या शब्दांकडे पाहा. त्यांतील ‘अयन’ म्हणजे जाणे. संस्कृतमधील ‘इ’ या गत्यर्थी धातूपासून तो आला आहे, आणि ग्रीक ‘आयन’ ज्या धातूपासून आला तो याच धातूचा भाऊ आहे. मराठी परिभाषेत ‘आयन’, ‘धनायन’, ‘ऋणायन’ हे शब्द घेतले गेले ते उच्चाराच्या जवळिकीने; पण ती जवळीक केवळ योगायोगाची नाही. हे एकदा वर्गात सांगितले, तर ‘आयन’ हा शब्द पुन्हा पाठ करावा लागत नाही.

पाठांतराचा हिशेब

पण शब्दांची वही पाठ केली तर काय बिघडले, असा प्रश्न येईलच. त्याचे उत्तर जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये दिले. त्यांनी सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि ठरावीक काळाने पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजले. एका तासानंतर बचत सुमारे ४४ टक्के होती, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतर २१ टक्के. म्हणजे सर्वांत मोठी गळती पहिल्या तासातच होते. नंतर ती मंदावते.

त्यांची आणखी दोन निरीक्षणे शिक्षकांनी लक्षात ठेवावीत अशी आहेत. बारा अक्षरगटांची एक यादी एकाच दिवशी सलग ६८ वेळा म्हणून जो परिणाम मिळाला, साधारण तोच परिणाम तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवर्तनांनी मिळाला. दुसरे असे, की बायरनच्या एका काव्यातील कडवी पाठ करायला त्यांना तेवढ्याच लांबीच्या निरर्थक अक्षरांच्या सुमारे एक दशांश श्रम पडले. अर्थ, लय आणि संबंध यांची ही किंमत! संदर्भ तोडून वहीत उतरवलेला इंग्रजी शब्द मुलाच्या दृष्टीने निरर्थक अक्षरगटापेक्षा फार वेगळा नसतो. ती मुलगी मंद नाही. ती एबिंगहाउस यांची यादी पाठ करत असते.

ढाक्याचा प्रयोग

विसाव्या शतकात प्रश्न बदलला. शब्द लाखो आहेत. मग शिकवायचे कोणते आणि कोणत्या क्रमाने? मांजरांना पेटीत कोंडून शिकण्याचे प्रयोग करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी बायबलपासून शालेय पुस्तकांपर्यंत ४१ प्रकारच्या साधनांमधील सुमारे पंचेचाळीस लाख शब्द मोजून घेतले आणि १९२१ मध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या १०,००० शब्दांचे पुस्तक शिक्षकांसाठी काढले. नंतर त्यांनी ते ३०,००० पर्यंत वाढवले.

परक्या भाषेच्या संदर्भात याचा खरा उपयोग केला तो आपल्या उपखंडात. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या अध्यापक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९२६ मध्ये त्यांनी बंगालमधील द्विभाषिक शिक्षणावर मोठा अहवाल लिहिला. त्यांनी पाहिले, की बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात आणि त्यांतली बरीच मध्येच शाळा सोडतात. सोडताना त्यांच्या हाती काय असते? वेस्ट यांनी येथे विमा व्यवसायातला शब्द वापरला: ‘सरेंडर व्हॅल्यू’. पॉलिसी मुदतीआधी मोडली तर जी रक्कम हाती पडते ती. जो अभ्यासक्रम शेवटच्या वर्षापर्यंत पोचणाऱ्यालाच काही देतो आणि मध्येच गळणाऱ्याला शून्य देतो, तो सदोष आहे, असे त्यांचे म्हणणे. प्रत्येक टप्प्यावर मुलाला निदान त्या पातळीचे पुस्तक स्वतः वाचता आले पाहिजे.

वाचनमालांची तपासणी केल्यावर त्यांना दोन दोष आढळले. एक, नवे शब्द फार दाटीने येत. दोन, त्यांत क्वचित भेटणारे, जुनाट, साहित्यिक शब्द फार होते. वेस्ट यांनी नव्या वाचनमाला लिहिल्या, त्या १९२७ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. ओळखीच्या पन्नास-साठ शब्दांमागे एखादाच नवा शब्द, आणि तो आला की त्याच परिच्छेदात व पुढेही पुन्हापुन्हा, असा त्यांचा नियम होता. १९३५ मध्ये त्यांनी जेम्स एंडिकॉट यांच्यासह परदेशी विद्यार्थ्यांसाठी कोश काढला. त्यातील सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ अवघ्या १,४९० सोप्या शब्दांत दिले होते. कठीण शब्दाचा अर्थ त्याहून कठीण शब्दाने सांगायचा नाही, ही शिस्त. कोश पाहिला आणि अर्थातलाच शब्द पुन्हा कोशात पाहावा लागला, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना या शिस्तीचे मोल कळेल.

१९५३ मध्ये वेस्ट यांच्या संपादनाखाली सुमारे २,००० सर्वोपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. त्यात प्रत्येक शब्दाचा कोणता अर्थ किती वेळा येतो हेही दिले होते. विज्ञानशिक्षकाला हे विशेष महत्त्वाचे. ‘वर्क’, ‘पॉवर’, ‘मास’ हे शब्द सोप्या यादीतलेच. पण पदार्थविज्ञानात ते दुसऱ्याच काटेकोर अर्थाने येतात आणि ओळखीच्या चेहऱ्यामुळे फसवतात.

जे शब्द कोणीच शिकवत नाही

सन २००० मध्ये न्यूझीलंडमधील संशोधिका ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी आणखी एक पायरी जोडली. कला, वाणिज्य, विधी आणि विज्ञान या चार शाखांमधील विद्यापीठीय लेखनातले सुमारे पस्तीस लाख शब्द त्यांनी संगणकाच्या साहाय्याने तपासले. वेस्ट यांच्या यादीतले २,००० वगळून सर्व शाखांत सारखे भेटणारे शब्द काढले, तर ५७० शब्दकुटुंबे मिळाली. मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द मिळून एक कुटुंब. ॲनालाइज, कन्सेप्ट, ॲझ्यूम, डिराइव्ह, एव्हिडन्स, सिग्निफिकंट, व्हेरी ही त्यांतली नावे. या ५७० कुटुंबांनी अशा लेखनाचा सुमारे दहा टक्के भाग व्यापलेला आढळला, म्हणजे दर दहा शब्दांत एक!

आपल्या वर्गाकडे या दृष्टीने पाहा. ‘फोटोसिंथेसिस’ आला की शिक्षक थांबतात, व्याख्या सांगतात, आकृती काढतात. ‘गोइंग’, ‘वॉटर’ मुलांना येतातच. पण ‘ॲझ्यूम दॅट’, ‘डिराइव्ह’, ‘सबसिक्वंट’, ‘व्हेअरॲज’ हे शब्द विज्ञानाच्या शिक्षकांना आपले वाटत नाहीत आणि इंग्रजीच्या शिक्षकांना विज्ञानाचे वाटतात. ते कोणाच्याच तासात बसत नाहीत. प्रश्नपत्रिकेत मात्र तेच असतात. सूत्र येत असूनही ‘डिराइव्ह’ म्हणजे सूत्र नुसते लिहायचे नाही, ते कसे आले हे दाखवायचे, एवढे न कळल्याने मुलाचे गुण जातात.

अमेरिकेत महाविद्यालय प्रवेशासाठी १९२६ पासून चालत आलेल्या ‘सॅट’ परीक्षेत दुर्मीळ शब्द विचारण्याची जुनी प्रथा होती आणि त्यांच्या याद्यांची मार्गदर्शके पिढ्यानपिढ्या खपली. कॉकरमच्या भारदस्त शब्दांचीच ती नवी आवृत्ती. २०१६ च्या नव्या स्वरूपात ही पद्धत सोडून, उताऱ्याच्या संदर्भात शब्दाचा अर्थ ओळखण्यावर भर देण्यात आला. चार शतकांचा फेरा पुन्हा जॉन्सन यांच्या शेजाराच्या तत्त्वापाशी आला म्हणायचा.

किल्ली आपल्या खिशातच

या इतिहासातून मराठी विद्यार्थ्याला काय मिळते? पहिली गोष्ट, त्याची परिभाषा. मराठीत मेजर कँडी यांच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशापासून भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांपर्यंत प्रतिशब्दांचे मोठे काम झालेले आहे. जी परिभाषा रेकॉर्डला इंग्रजीत रुजवता आली नाही ती आपल्याकडे शाळेत रुजली. ‘टच लाइन’ गेली, ‘स्पर्शिका’ राहिली. स्पर्शिका जाणणारी मुलगी ‘टँजंट’चा अर्थ अर्थातच जाणते. तिला फक्त हे कोणी सांगितलेले नसते. मराठी शब्द आता विसरा, असे सांगण्यात आपण तिच्या हातची किल्लीच काढून घेतो.

दुसरी गोष्ट, नाते. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याला संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असे मांडले, आणि पुढील संशोधनाने ते सिद्ध झाले. इंग्रजीतले कठीण शब्द प्रामुख्याने ग्रीक-लॅटिन, आणि मराठीतले शास्त्रीय शब्द प्रामुख्याने संस्कृत. त्यामुळे ‘पेंटा’ आणि पंच, ‘हेप्टा’ आणि सप्त, ‘ऑक्टा’ आणि अष्ट, ‘डेका’ आणि दश ही भावंडे आहेत. ‘डेंटल’मध्ये दंत आहे, ‘मीडियन’मध्ये मध्य आहे, आणि ‘बायपेड’ म्हणजे तर अक्षरशः द्विपाद. ‘सेंटर’ आणि केंद्र यांचे नाते याहून जवळचे. प्राचीन काळी ज्योतिषाबरोबर ग्रीक शब्द संस्कृतात आला आणि तोच लॅटिनमार्गे इंग्रजीत गेला. ‘अवर’ आणि होरा यांचेही तसेच.

मात्र एक सावधगिरी हवी. व्युत्पत्ती हे शब्दाचे दार आहे, व्याख्या नव्हे. ‘ऑक्सिजन’ म्हणजे आम्ल निर्माण करणारा. लाव्हाझिए यांनी हे नाव दिले तेव्हा सर्व आम्लांत हा वायू असतो असे त्यांना वाटत होते. पुढे १८१० च्या सुमारास डेव्ही यांनी हायड्रोक्लोरिक आम्लात तो नसल्याचे दाखवले. ‘ॲटम’ म्हणजे जो तुटत नाही तो. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन सापडल्यावर तेही खोटे ठरले. शब्द तसेच राहिले, ज्ञान पुढे गेले. म्हणून शब्द फोडून दाखवावा, पण तेथेच थांबू नये. नुसत्या उच्चारसाम्यावरूनही नाते जोडू नये. चांगला कोश पाहूनच सांगावे.

वर्गात करायचे ते थोडे आहे. नवा शब्द फळ्यावर आला की त्याचे तुकडे पाडून शेजारी मराठी शब्द लिहावा. एका तासाला दोनतीनच शब्द घ्यावेत आणि तेच दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने निराळ्या वाक्यांत पुन्हा भेटवावेत. ‘ॲझ्यूम’ आणि ‘डिराइव्ह’ यांनाही ‘फोटोसिंथेसिस’इतकीच दोन मिनिटे द्यावीत. मुलांच्या शब्दांच्या वहीत तिसरा रकाना आखावा: हा शब्द मला कोठे भेटला.

ज्यांच्यासमोर शाळेचे दार बंद होते त्यांना आतले बोलणे कळावे म्हणून कॉड्रीने आपला कोश केला. आज दार उघडे आहे. आत आलेल्या मुलीला तेथले बोलणे कळते आहे की नाही, एवढे पाहणे आपल्या हातात आहे.